मागील पानावरून पुढे

(रौप्यमहोत्सवात भरवलेल्या ‘माझा संगणक’ या प्रदर्शनाच्या समारोपाला आपल्या सोसायटीच्या पहिल्या खजिनदारांनी केलेले भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दहा मिनिटं देणं म्हणजे ‘आत्ता येतो’ म्हणून चहाला गेलेल्या कॅशिअरवर विश्वास ठेवण्यासारखं आहे. थोडं इकडं-तिकडं होईल, सांभाळून घ्या.

आज सकाळपासून आपल्या हॉलमध्ये संगणकांची जत्रा भरली होती. कल्पना आपल्या तरुण सभासदांची. प्रत्येकानं आपला संगणक आणायचा, टेबलावर मांडायचा आणि त्यात काय-काय आहे ते लोकांना सांगायचं. मला वाटलं, चार लॅपटॉप येतील आणि अकरा वाजता सगळे पोह्यांच्या रांगेत दिसतील. पण एकूण चौदा यंत्रं आली आणि पोहे गार झाले.

नीटच्या तयारीसाठी दोन वर्षं लातूरला राहून आलेल्या आपल्या चिरंजीवांचं यंत्र सगळ्यात झगमगीत. कॅबिनेटला काचेची बाजू, आत लाल-निळे दिवे. गणपतीच्या मखरात शोभेल असं. त्यात ३२ जीबी रॅम आहे. त्याच्या शेजारी माझं यंत्र ठेवलं होतं, १९९९ सालचं पेंटियम, विंडोज ९८ चं. त्यात ३२ एमबी रॅम. आकडा तोच, ३२. फक्त एमबीच्या जागी जीबी, म्हणजे एक हजार चोवीस पट. पोरगं म्हणालं, “आजोबा, एवढ्यात चालतं तरी कसं?” मी म्हटलं, “बाळा, तुझ्या आजीनं एका खोलीत सात माणसांचा संसार केला, तसं.”

पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणाऱ्या आपल्या सूनबाईंचं टेबल वेगळंच. एक लॅपटॉप, त्याला जोडलेले दोन मोठे पडदे, आणि वीज गेली तरी इंटरनेट जाऊ नये म्हणून राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस. तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापक साहेबांनी ज्यावर पीएच.डी.चा प्रबंध टाइप केला तो डॉसवर चालणारा ४८६ आणला होता. तो सुरू झाला तेव्हा काळ्या पडद्यावर फक्त ‘सी’ अक्षर, दोन टिंबं, एक तिरकी रेघ आणि उघडझाप करणारी खूण आली. मुलं विचारत होती, “आता काय करायचं?” सरांनी टाळी मिळवली. म्हणाले, “आता तुम्ही सांगायचं. तो काळ यंत्रानं माणसाला सुचवायचा नव्हता.” आणि आठवीतल्या आपल्या कन्येनं तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय आणला. २०१२ साली इंग्लंडमध्ये निघालेली ही पाटी, पत्त्याएवढी, आणि त्यावर पूर्ण संगणक. एमएस-सीआयटी करून आता तीन दुकानांचे हिशेब घरून लिहिणाऱ्या ताईंचं यंत्र दिसायला साधं, पण माझ्या मते आज सगळ्यात जास्त काम करणारं तेच.

बऱ्याच भगिनींनी विचारलं की हे विंडोज, लिनक्स म्हणजे नेमकं काय? आपल्या भाषेत सांगतो. संगणकाचे सुटे भाग म्हणजे इमारत. पाण्याची टाकी, लिफ्ट, जिना, मीटरची खोली. तुम्ही जे प्रोग्राम वापरता ते म्हणजे बिऱ्हाडं. पाणी कोणाला किती वाजता, गाडी कुठं लावायची, कुणाची किल्ली कुणाकडं, हे बघणारी व्यवस्थापक समिती म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. इमारत तीच ठेवून समिती बदलता येते. तसं त्याच यंत्रावर विंडोज काढून लिनक्स बसवता येतं. आणि समिती कशीही असली तरी रहिवासी तिला नावं ठेवतातच, तेही दोन्हीकडं सारखंच.

आता माझ्या पिढीची ओळख या यंत्रांशी कशी झाली ते सांगतो, कारण मला जे खरं बोलायचं आहे त्याचा धागा तिथं आहे.

बँकांत संगणक यावेत की नाही यावर त्या काळी मोठे वाद होते. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. त्यातून मोठ्या शाखांत लेजर पोस्टिंग मशीन आली. एएलपीएम म्हणायचे तिला. लातूरच्या आमच्या शाखेत ती आली तेव्हा एक खोली रंगवली, एसी बसवला, आणि आत जाताना चपला-बूट बाहेर काढायचे असा नियम झाला. देवघरात जावं तसं आम्ही आत जायचो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो सुरू झाला की ज्वारीच्या मळणीसारखा आवाज.

पहिल्याच आठवड्यात औसा भागातले एक शेतकरी खिडकीतून वाकून बघत होते. म्हणाले, “साहेब, लाईट गेली की माझे पैसे बी जातेत का?” आम्ही हसलो. पण प्रश्न अडाण्याचा नव्हता. तो शहाण्याचा प्रश्न होता, हे मला पुढं कळलं. त्यांना मी सांगितलं, “नाही मामा, रोज संध्याकाळी सगळ्या खात्यांची शिल्लक आम्ही कागदावर छापून कपाटात ठेवतो.” ते म्हणाले, “मग ठीकंय.”

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी-सास्तूर भागात काय झालं ते इथल्या वडीलधाऱ्यांना वेगळं सांगायला नको. नंतरच्या दिवसांत आमच्या शाखेत त्या भागातली माणसं येऊ लागली. घर नाही, माणसं नाहीत, पासबुक कुठलं असणार? नाव, गाव आणि अंगठा, एवढंच घेऊन आलेली. त्या आठवड्यात शाखेतली वीज भरवशाची नव्हती, मशीन कधी चालू कधी बंद. तेव्हा ती रोजची छापील शिल्लक आणि जुनी लेजरं आम्ही टेबलावर मांडली आणि एकेक नाव शोधून दिलं. एका बाईंना त्यांच्या मालकांच्या खात्यात किती रक्कम आहे ते सांगितलं, तेव्हा त्या पैशाबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणजे त्यांचं नाव लिवलेलं हाय.” त्या दिवशी मला कळलं की नोंद म्हणजे नुसता हिशेब नसतो.

पुढं नांदेडला बदली झाली. मग शाखेत मोठा सर्व्हर आला, त्यावर युनिक्स. प्रत्येक काउंटरवर एक पडदा आणि एक की-बोर्ड, पण त्या पडद्याला स्वतःची बुद्धी नाही. सगळं त्या एका सर्व्हरमध्ये. युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्याच धर्तीवर लिनक्स लिहायला घेतलं आणि ते जगाला मोकळं करून दिलं. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. तेव्हा ज्या भगिनी म्हणतात “आम्हाला लिनक्स येत नाही”, त्या रोज सकाळी त्यावरच सुप्रभात पाठवतात.

संगणकानं ग्राहकाचं भलं काय झालं, एकच उदाहरण देतो. पूर्वी बचत खात्यावर व्याज कसं मिळायचं? महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वात कमी शिल्लक असेल तिच्यावर. म्हणजे ११ तारखेला पन्नास हजार भरले तरी त्या महिन्याला त्यावर व्याज नाही. २९ तारखेला काढले तरी नाही. हा नियम दुष्टपणाचा नव्हता. हातानं रोजच्या शिलकीवर हिशेब करणं शक्यच नव्हतं. जून आणि डिसेंबरमध्ये व्याज लावायला आम्ही रात्र-रात्र बसायचो. संगणक आले, शाखा जोडल्या गेल्या, आणि १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर मिळू लागलं. यंत्रानं गरिबाच्या पदरात त्याचे दिवस मोजून टाकले.

आता लेजरची एक गोष्ट तरुणांना सांगतो. लेजरचं पान भरलं की खाली बेरीज मांडून ‘पुढील पानावर’ असं लिहायचं. नव्या पानाच्या पहिल्या ओळीत ‘मागील पानावरून’ लिहून तीच रक्कम मांडायची. आणि दुसऱ्या माणसानं दोन्ही पानं ताडून सही केल्याशिवाय जुनं पान मिटायचं नाही. ही दुसरी सही फार महत्त्वाची. कारण रक्कम जशी पुढं येते, तशी चूकही मागील पानावरून पुढं येते.

तशी एक चूक आपल्या सोसायटीत झाली. ती माझ्या हातून झाली. आज ती सांगायला मी उभा आहे.

आपली सोसायटी २००१ साली नोंदली गेली. बँकेतला माणूस म्हणून मला पहिला खजिनदार केलं. मी हौसेनं सगळे हिशेब घरच्या संगणकावर घेतले. पीएफमधून उचल घेऊन घेतलेलं हेच पेंटियम, जे आज टेबलावर होतं. एक्सेलमध्ये प्रत्येक फ्लॅटचं पान. दर तीन महिन्यांनी फ्लॉपीवर नक्कल. फ्लॉपी म्हणजे काय ते आज मुलांनी हातात घेऊन बघितलं. एका फ्लॉपीत १.४४ एमबी. तुमच्या फोनमधला एक फोटो बहुतेक वेळा तिच्यात मावणार नाही, पण आपल्या सगळ्या सोसायटीचं वर्ष मावायचं.

२००३ मध्ये बोअर आणि टाकीसाठी प्रत्येक फ्लॅटनं १२ हजार रुपये द्यायचे ठरले. महिना एक हजार, बारा हप्ते. ज्येष्ठांना आठवत असेल. २००५ च्या पावसाळ्यात पंपाच्या खोलीत पाईप फुटला आणि शेजारच्या कपाटातली पावतीपुस्तकं, कॅशबुक भिजून लगदा झाली. जे वाळलं त्यावरून आम्ही नवं रजिस्टर तयार केलं. त्यात एका सभासदाच्या नावापुढं तीनच हप्ते दिसले. नऊ हजार बाकी.

ते म्हणाले, “मी सगळे भरलेत.” मी सर्वसाधारण सभेत, सगळ्यांसमोर म्हणालो, “पावती दाखवा.”

पावती नव्हती. त्यांनी ती कशाला जपून ठेवायची? खजिनदार बँकेतले होते ना.

माझ्याकडं तेव्हा फ्लॉपी होत्या. मनात आलं होतं की एकदा लावून बघावं. बघू म्हटलं. २००६ मध्ये माझी हार्ड डिस्क गेली. दुकानदारानं ४ जीबीची एक जुनी डिस्क बसवून दिली. तेव्हाही फ्लॉपी कपाटातच होत्या. मग नवा लॅपटॉप आला, त्याला फ्लॉपीची फटच नव्हती. २०११ मध्ये मी निवृत्त झालो, त्याच वर्षी सोनीनंही जपानमध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. मी विषय मिटला असं धरलं. पण नऊ हजारांची ती बाकी दरवर्षीच्या ताळेबंदात मागील पानावरून पुढं, मागील पानावरून पुढं अशी येतच राहिली. ते सभासद सभेला यायचे बंद झाले. लिफ्टमध्ये भेटले तर नमस्कार व्हायचा, पण बोलणं नाही. दीड वर्षापूर्वी ते गेले.

फ्लॅट वहिनींच्या नावावर करायचा अर्ज आला. समितीनं नियमाप्रमाणं थकबाकी बघितली. नऊ हजार आणि त्यावरचं इतक्या वर्षांचं व्याज धरून आकडा चाळीस हजारांच्या वर गेला. समितीचा दोष नाही, त्यांच्यासमोर कागद तोच होता. वहिनी माझ्याकडं आल्या. तक्रार करायला नाही. म्हणाल्या, “भाऊजी, मी भरते पैसे. पण हे शेवटपर्यंत म्हणायचे की भरलेत म्हणून. तेवढं एकदा बघता का?”

त्या रात्री मी कपाटातून डबा काढला. अकरा फ्लॉपी. काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके. नातवानं ऑनलाइन यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह मागवली. तिच्यावर अकरापैकी तीनच उघडल्या आणि त्या तिन्हींत हवं ते वर्ष नव्हतं.

मग नातवानं विचारलं, “आजोबा, या लिहिल्या कुठल्या मशीनवर?” माळ्यावरचं पेंटियम खाली काढलं. आमच्या सौ. दर दिवाळीला म्हणायच्या की ते धूड भंगारात द्या. या एका बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही ते बरं झालं. सुरू केलं तर तारीख १ जानेवारी १९८०, कारण आतली बटणासारखी बॅटरी संपलेली. तिला लागले चाळीस रुपये. विंडोज ९८ चा पडदा आला, आणि त्या जुन्या यंत्रानं अकरापैकी सात फ्लॉपी वाचल्या.

असं का व्हावं? नातवानं समजावलं. फ्लॉपी लिहिणारं डोकं प्रत्येक यंत्रात केसभर इकडं-तिकडं बसलेलं असतं. माझ्या यंत्राचं जरा सरकलेलं होतं, म्हणून त्यानं लिहिलेलं दुसऱ्याला नीट दिसत नव्हतं. ज्यानं लिहिलं त्यालाच ते वाचता आलं. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं. मग फाईली त्या यंत्राच्या डिस्कवर उतरवल्या, डिस्क बाहेर काढली, एका अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडली, आणि बावीस वर्षांपूर्वीची एक्सेलची फाईल आजच्या यंत्रावर उघडली.

त्या फ्लॅटच्या पानावर बारा हप्ते होते. बाराही. तारखेसकट, पावती क्रमांकासकट. शेवटची नोंद मार्च २००४ ची, आणि ती मीच टाइप केलेली. पुढच्या रकान्यात मीच लिहिलं होतं, ‘पूर्ण भरणा’.

मी ते पान छापून घेऊन वहिनींकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग तो कागद त्यांनी यांच्या फोटोजवळ नेऊन ठेवला. समितीनं पुढच्याच बैठकीत बाकी रद्द केली आणि शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर केलं. आज हे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. माझ्या त्या मित्राची माफी मी त्याच्या हयातीत मागू शकलो नाही. ज्या सर्वसाधारण सभेपुढं मी ‘पावती दाखवा’ म्हणालो, त्याच सभासदांपुढं आज मागतो. त्यांनी पै न पै भरली होती. ते थकबाकीदार नव्हते.

(येथे वक्ते काही वेळ थांबले.)

मंडळी, चार फ्लॉपी शेवटपर्यंत उघडल्या नाहीत. त्यांत सोसायटीचं पहिलं वर्ष होतं. ते गेलं ते गेलं. त्या काळातली कुणाच्या नावावर जुनी बाकी दिसत असेल तर आपल्याकडच्या पावत्या, पासबुकं शोधा आणि समितीला दाखवा. समितीलाही माझी विनंती आहे, अशा माणसाला ‘पावती दाखवा’ म्हणण्याआधी आपणच आधी शोधावं.

हे फक्त फ्लॉपीचं दुखणं नाही. २००२ च्या सभांची इतिवृत्तं डीटीपीच्या दुकानातून सीडीवर मिळाली होती. सीडी उघडते, फाईलही उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. कारण त्या काळच्या बऱ्याच मराठी फॉन्टांत ‘क’ हे अक्षर खरं तर एखाद्या इंग्रजी अक्षराच्याच जागेवर रंगवलेलं असायचं. तो फॉन्ट यंत्रात असेल तर मराठी, नसेल तर भुसा. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं ‘क’ ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, २३२५. फोन कुठलाही घ्या, ऑपरेटिंग सिस्टीम कुठलीही घ्या, क तो क च. म्हणून आता सोसायटीचं काहीही मराठीत लिहायचं तर युनिकोडमध्येच लिहायचं.

मराठवाड्याच्या माणसाला हे दुखणं नवं वाटायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. आजोबा-पणजोबांचे कागद उर्दूत, काही मोडीत. २०२३ मध्ये निजामकाळातल्या नोंदी शोधायचं सरकारी काम सुरू झालं, तेव्हा कागद होते पण मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. मोडी ही काय, ती त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीमच म्हणा. वाचणारं यंत्र गेलं, किंवा वाचणारा माणूस गेला, की चांगला शाबूत कागदसुद्धा मुका होतो.

आता तुमच्या कामाचं. गेल्या १४ ऑक्टोबरला, २०२५ साली, विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट बंद झाली. आज हॉलमधल्या चौदा यंत्रांपैकी सहा विंडोज १० ची होती. घाबरू नका, ती बंद पडणार नाहीत. पण त्यांवरून बँकेचे व्यवहार करणं दिवसेंदिवस जोखमीचं होईल. मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली आहे, ती घ्या. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरही त्यांच्या यादीत बसणारा हवा. ते नसेल तर यंत्र फेकू नका. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, लिनक्स मिंट बसवा. पेन ड्राइव्हवरून चालवून आधी चार दिवस बघताही येतं, आपल्या कन्येनं आज तेच दाखवलं. मात्र टॅलीवर काम करणाऱ्यांनी सांभाळून. ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. आधी प्रिंटर, टॅली, सगळं तपासा, मगच हात घाला.

आणि यंत्र टाकायचंच असेल तर हार्ड डिस्क काढल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत. नोंदणीकृत संस्थेकडंच तो जायला हवा. समितीनं वर्षातून एकदा सगळ्यांचा मिळून गोळा करावा.

शेवटी एक सांगतो आणि बसतो. नवं यंत्र घ्याल त्या दिवशी आनंदानं पेढे वाटा. पण जुनं चालू आहे तोवर, त्याच आठवड्यात, त्यातलं सगळं नव्यावर घ्या. आणि नुसती नक्कल करून थांबू नका. दुसऱ्या माणसाला बोलवा, त्याच्या यंत्रावर फाईल उघडायला लावा. ती दुसरी सही. ती झाल्याशिवाय जुनं पान मिटू नका. महत्त्वाचं असेल ते कागदावरही छापा, आणि ते कपाट पंपाच्या खोलीशेजारी ठेवू नका.

आपल्या खजिनदार साहेबांनी काल मला एक पेन ड्राइव्ह दाखवला. पंचवीस वर्षांतलं जे काही वाचलं ते सगळं त्यात आहे. एक नक्कल सचिवांकडं, एक बँकेच्या लॉकरमध्ये. दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी तो उघडून तपासायचं काम मी माझ्याकडं मागून घेतलंय. मी असेपर्यंत मी करीन. त्यानंतर ज्याच्या हाती जाईल त्यानं पहिल्या ओळीत एवढंच लिहावं, मागील पानावरून. आणि खाली सही करण्याआधी एकदा ताडून बघावं.

पोहे गरम करायला सांगितलेत.

जय सहकार!